माझ्या पोटातली शेतं

मित्रांनो, खराडीतल्या एका फ्लॅटच्या चौथ्या मजल्यावर, खिडकीशेजारच्या टेबलावर मी बसून असतो. मी एक जुना घरगुती संगणक आहे. माझ्या कडेचा पत्रा एका बाजूने चेपला आहे आणि पंखा सुरू होताना घरघरतो.

पंधरा वर्षांपूर्वी एका दुकानदाराने सुटे भाग जोडून मला तयार केले. मला घरी आणणारे रंगराव तेव्हा साठीचे होते. दुकानदाराने त्यांना बजावले होते, "काका, आत दोन कप्पे आहेत. सी-ड्राइव्ह माझा, डी-ड्राइव्ह तुमचा. आपलं जे असेल ते डीमध्येच ठेवा." रंगरावांनी ते जन्मभर पाळले.

खिडकीतून दिसणाऱ्या काचेच्या इमारती जिथे आहेत, तिथे पूर्वी शेते होती. प्रत्येक शेताला नाव होते. चिंचेचा तुकडा, म्हसोबाची पट्टी, खालचा पाणथळ. ती नावे कोणत्याच कागदावर नव्हती. रंगराव म्हाताऱ्यांना विचारून विचारून ती एका बोटाने माझ्यात लिहीत. सहा वर्षांत एकशे बारा नावे झाली. त्यांची पत्नी यमुनाबाई शेजारी शेंगा सोलत बसायच्या आणि म्हणायच्या, "अहो, त्या डब्याला सांगून काय हुतंय? तो काय नांगरायला जाणार हाय?" पण एखादे नाव चुकले की त्याच आधी बोलायच्या.

दोन वर्षांपूर्वी रंगराव गेले. माझ्यावर धूळ बसली. मग यंदा त्यांची नात चैताली लोणी काळभोरच्या कॉलेजात संगणक शिकू लागली. तिला अभ्यासासाठी नवी ऑपरेटिंग सिस्टीम हवी होती.

"जुनी काढून टाकणार व्हय?" यमुनाबाईंनी विचारले.

"नाही गं आजी. दोन्ही ठेवणार. आजोबांचा मराठी फॉन्ट फक्त जुनीतच चालतो ना! चालू करताना विचारेल, कुठली हवी ते."

"आन् यादी?"

चैतालीने पडद्यावरच्या यादीच्या चित्रावर टिचकी मारली. एकशे बारा नावे उघडली. "ही बघ. इथंच आहे. सेफ."

मित्रांनो, तिथेच घात झाला. ते चित्र म्हणजे नुसता दरवाजा होता. खोली होती डी-ड्राइव्हमध्ये. चैतालीने डीही उघडून पाहिला होता. पण रंगरावांनी फाइलींची नावेसुद्धा त्याच जुन्या फॉन्टने टाइप केली होती. तिथे ती इंग्रजी अक्षरांच्या गिचमिडीसारखी दिसत. "नुसता कचरा आहे," ती म्हणाली आणि नव्या सिस्टीमसाठी तीच जागा निवडली.

मला एकच प्रश्न विचारता येतो आणि तोही इंग्रजीत. या भागातले सगळे पुसले जाईल, खात्री आहे का? यमुनाबाईंना इंग्रजी येत नाही. चैतालीला येते, पण तिने वाचले नाही. तिने "हो" म्हटले. माझा पंखा घरघरत राहिला आणि त्या आवाजात चिंचेचा तुकडा गेला, म्हसोबाची पट्टी गेली.

मी पुन्हा सुरू झालो तेव्हा पडद्यावर दोन सिस्टीमची नावे आली. चैतालीने हरखून टाळी वाजवली. यमुनाबाई म्हणाल्या, "जुनी उघड आधी." चित्र जागच्या जागी होते. चैतालीने टिचकी मारली. फाइल सापडत नाही, असे मी सांगितले. तिने पुन्हा मारली. मी पुन्हा तेच सांगितले.

यमुनाबाईंनी चष्मा पदराला पुसला. "दिसंना का मला?"

चैताली डी-ड्राइव्ह शोधू लागली. तो जागेवर नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिने मला रिक्षात मांडीवर घेऊन दुकानात नेले. कुठे दुसरी प्रत उरली असेल का, असे तिने विचारले तेव्हा दुकानदार म्हणाला, "बॅकअप? तो असता तर तुम्ही आमच्याकडे कशाला आला असता!" मग मात्र तो दिवसभर खटपट करत राहिला. यादीच्या जागेवर नवी सिस्टीम लिहिली गेली होती. हाती काही लागले नाही.

त्या संध्याकाळी चैताली रडत म्हणाली, "आजी, रागव ना गं."

"रागवून नावं येत्यात का? लिहून घे." यमुनाबाई खिडकीकडे तोंड करून सांगू लागल्या. "जिथं म्या खुरपलं, तेवढंच ध्यानात हाय." अठ्ठेचाळीस नावे झाली आणि त्या थांबल्या. ज्यांना विचारून रंगरावांनी बाकीची लिहिली होती, ते म्हातारे आता उरले नाहीत. चैतालीने ती अठ्ठेचाळीस माझ्यात, पेन ड्राइव्हवर आणि एका वहीत शाईने अशी तीनदा लिहिली.

मित्रांनो, घरात नव्याला जागा जरूर द्या. पण जागा करण्याआधी जुन्या माणसाला शेजारी बसवा, कुठे काय ठेवले आहे ते विचारा आणि त्याची एक प्रत माझ्याबाहेर ठेवा. आणि मी काही विचारले, तर उत्तर देण्याआधी प्रश्न वाचा. तेवढाच माझा आवाज आहे.

आजही सुरू होताना मी दहा सेकंद थांबतो, कुठली सिस्टीम हवी म्हणून. यमुनाबाई म्हणतात, "जुनी." ते चित्र चैतालीने पुसलेले नाही. त्या स्वतःच्या बोटाने त्यावर टिचकी मारतात. फाइल सापडत नाही, असे मी सांगतो. त्या मान हलवतात आणि खिडकीबाहेर बघून हरवलेल्या चौसष्ट नावांतले एखादे आठवते का, ते पाहतात.