घोरणं थांबतं तेव्हा

मी एक जुनी गादी आहे. घरातल्या पलंगावरची नव्हे, मित्रांनो. मालट्रकच्या केबिनमध्ये, ड्रायव्हरच्या सीटमागे एक अरुंद फळी असते ना, तिच्यावरची. ट्रक जवळून गेला की तुम्ही त्याची चाकं बघता, हॉर्न ऐकून कान झाकता. माझ्याकडे कोणाचं लक्ष जात नाही, कारण माझ्यापुढे कायम एक मळका पडदा ओढलेला असतो. पण त्या पडद्यामागे मी जे अनुभवलं, ते आठवलं की आजही मला कापरं भरतं. म्हणून तर सांगायला बसले आहे.

माझा जन्म ट्रकच्या सीटा शिवणाऱ्या कारागिराच्या दुकानात झाला. त्याने मापाने स्पंज कापला, वर जाड रेक्झिन चढवलं आणि कडा दुहेरी टाक्यांनी शिवल्या. शिवून झाल्यावर गादी नीट जमली आहे का, हे बघायला तो स्वतःच माझ्यावर आडवा झाला आणि त्याने चक्क ताणून दिली. गिऱ्हाईक दारात उभं राहून हाका मारत होतं, तरी हा पठ्ठ्या उठेना. गादीचं याहून मोठं कौतुक ते काय असणार? मी अगदी फुशारून गेले.

ती फुशारकी फार दिवस टिकली नाही. माझा पहिला ड्रायव्हर एकटाच गाडी चालवायचा आणि झोप हे आळशी माणसाचं काम, असं त्याचं ठाम मत होतं. त्याने माझ्यावर जॅक, दोरखंड, ताडपत्री आणि ऑइलचा डबा रचून ठेवला. पेंग आली की तो तोंडावर पाणी मारायचा, कडक चहा घ्यायचा आणि खिडकी उघडून बेसूर गाणी म्हणायचा. मी मागे जॅकखाली चेपलेली. पुढे मालकाशी त्याचं बिनसलं आणि तो काम सोडून गेला. जाताना जॅकही घेऊन गेला. त्याचं दुःख मालकाला झालं, मला नाही.

त्यानंतर मालक लांबच्या फेरीवर दोन ड्रायव्हर पाठवायला लागला. एकाने चालवायचं, दुसऱ्याने माझ्यावर झोपायचं आणि ठरलेल्या थांब्यावर अदलाबदल करायची. असे माझ्या आयुष्यात दाजी आले आणि त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ, म्हणजे त्यांचा मेहुणा आला. दाजी अंगाने भरलेले, जाड मानेचे, मनाने मोकळे. मेहुणा त्यांना दाजी म्हणायचा, म्हणून मग ट्रकच्या यार्डातले सगळेच त्यांना दाजी म्हणू लागले.

आता गादीला एक गोष्ट बरोबर कळते. जागा माणूस अंग आवळून पडतो. झोप लागली की तो सगळा भार खाली सोडून देतो. मेहुणा बराच वेळ कूस बदलायचा, सुस्कारे टाकायचा, पण अखेर भार सोडायचा. दाजींची तऱ्हा निराळी. पाठ टेकताच ते घोरायला लागायचे, आणि घोरणं तरी कसं! इंजिन बंद केलं तरी गाडी चालूच आहे असं वाटावं. यार्डातला पंक्चरवाला म्हणायचा, दाजी झोपले की मला हवेचा पंप लावायला नको. सगळे हसायचे, दाजीही हसायचे. मेहुण्याला तर त्यांचा हेवा वाटायचा. त्याने मनाशी एक हिशोब पक्का केला होता. घोरले म्हणजे झोपले, आणि झोपले म्हणजे ताजेतवाने झाले. त्यामुळे लांब पल्ल्याचं चालवणं तो निर्धास्तपणे दाजींवर सोपवायचा.

खरं काय ते मला पहिल्याच फेरीत कळलं होतं. घोरणं वाढत वाढत गेलं आणि एकदम थांबलं. मला वाटलं, लागली आता गाढ झोप. मी त्यांच्या भाराची वाट बघत राहिले. भार आलाच नाही. वर त्यांची छाती धडपडत होती, पोट आत-बाहेर होत होतं, पण श्वास आत जात नव्हता. मी हादरले. मग सगळं अंग असं दचकलं, जणू बुडणारा माणूस पाण्याबाहेर आला. घशातून खरखर झाली, श्वास आत गेला आणि पुन्हा घोरणं सुरू. थोड्या वेळाने पुन्हा तेच. झोपेच्या अख्ख्या पाळीत हेच चाललं होतं, आणि दाजींना त्याचा पत्ताही नव्हता. उठताना त्यांचं डोकं जड असायचं, तोंडाला कोरड पडलेली असायची, तरी ते म्हणायचे, "मस्त झोप झाली." पुढे बसलेल्या मेहुण्याला घोरणं थांबलं की उलट बरं वाटायचं. तेवढीच कानांना शांतता! मला ओरडावंसं वाटायचं.

मग तो पुलाचा दिवस उजाडला. दुपारची वेळ होती, लख्ख ऊन आणि मोकळा रस्ता. गाडीत फरश्यांचा जड माल होता. दाजींनी नुकतीच 'मस्त झोप' घेऊन स्टेअरिंग हातात घेतलं होतं आणि मेहुणा माझ्यावर पडला होता. वाटेत नदीवर एक लांबलचक पूल लागतो. त्याच्या डाव्या कठड्याची दुरुस्ती चालली होती, म्हणून तिथे नुसते पिवळे पिंप एकावर एक रचून दोरी बांधली होती. पुलाच्या सांध्यांवरून चाकं गेली की धडधड असा ठेका बसतो. तो मला कळला आणि मेहुण्यालाही. तेवढ्यात डाव्या बाजूने काहीतरी करकरत घासत गेलं आणि काच फुटली. मेहुण्याने झटकन पडदा सारला. दाजी ताठ बसले होते. हात स्टेअरिंगवर होते, डोळे उघडे होते. धडधड संपली आणि गाडी साध्या रस्त्याला लागली.

मेहुणा हळूच म्हणाला, "दाजी, गाडी फार कडेला गेली होती."

दाजींनी पापण्या मिचकावल्या. मग दाजी म्हणाले, "हं? पड अजून थोडा वेळ. पूल आला की उठवतो तुला."

"दाजी, पूल मागे गेला."

दाजी हसले. थट्टा वाटली त्यांना. मग त्यांनी डाव्या आरशात बघितलं, तर तिथे आरसाच नव्हता. उजव्या आरशात बघितलं, तर मागे तो अख्खा पूल दिसत होता. कशीबशी त्यांनी गाडी बाजूला घेतली.

दोघं खाली उतरले. गाडीच्या डाव्या अंगावर पुढून मागपर्यंत पिंपांचा पिवळा रंग लागला होता. दोरीचा एक तुकडा मागच्या चाकात अडकला होता. दाजींनी त्या रंगावरून बोट फिरवलं.

"मी झोपलो नव्हतो," ते म्हणाले. "माझे डोळे उघडे होते."

"उघडेच होते, मी बघितले ना," मेहुणा म्हणाला. "म्हणून तर मी घाबरलोय."

दाजींनी त्याला विनवलं की हे मालकाला कळू देऊ नकोस. स्टेअरिंग सुटलं तर माझ्याकडे दुसरं आहे काय, असं ते म्हणाले. मेहुण्याला एकच कोडं पडलं होतं. वाटभर घोरलेला माणूस भर दुपारी, उघड्या डोळ्यांनी झोपतो कसा? परतीची सगळी वाट त्याने एकट्यानेच, मध्ये मध्ये थांबून, विश्रांती घेत गाडी चालवली. दाजी माझ्यावर घोरत होते. घोरणं थांबलं की मेहुणा आता कान देऊन ऐकायचा. एकदा त्याने गाडी उभी केली आणि दाजींबरोबर स्वतःचाही श्वास धरून बघितला. त्याचा जीव गुदमरला, तरी दाजींचा श्वास यायचा होता.

यार्डात पोचल्यावर त्याने बहिणीला, म्हणजे दाजींच्या बायकोला बोलावून घेतलं. ताई जेवणाचा डबा घेऊन आली. दाजी माझ्यावर दुपारची झोप काढत होते. मेहुण्याने तिला केबिनमध्ये चढवलं आणि ऐक म्हणाला.

"यात नवं काय?" ताई कुजबुजली. "घरी रोजचंच आहे. मध्ये थांबतं ना, तेव्हाच काय तो माझा डोळा लागतो."

"थांबल्यावर त्यांच्या छातीकडे कधी बघितलंस?"

ताईने कधीच बघितलं नव्हतं. ती का बघेल? नवरा घोरायचा थांबला की बायको सुटकेचा श्वास टाकून कूस बदलणारच. घोरणं थांबलं. ताईने दाजींच्या नाकापुढे तळहात धरला. छाती धडपडत होती आणि हाताला काही लागत नव्हतं. तिने भावाकडे बघितलं, मग पुन्हा हाताकडे. दाजी एकदम दचकले, घशात खरखर झाली आणि श्वास आला. ताईने झटकन हात मागे घेतला. डबा कलंडला, तरी तिचं तिकडे लक्ष नव्हतं.

"मी याच वेळी झोपत आले रे," ती म्हणाली. "इतकी वर्षं."

मग ती उठली आणि थेट मालकाच्या ऑफिसात गेली. लपवाछपवी तिला मंजूर नव्हती. दाजींना काही दिवस गोदामात काम मिळालं आणि ते दोघा भावंडांशी बोलेनासे झाले. ताईने त्यांना दवाखान्यात नेलं, तिथल्या डॉक्टरीणबाईंनी झोपेची तपासणी केली. झोपेत घसा आतून मिटतो, श्वास अडतो आणि श्वासासाठी शरीर पुन्हा पुन्हा जागं होतं, असं त्यांनी समजावलं. म्हणजे माणूस रात्रभर अंथरुणात असतो, पण झोप अशी होतच नाही. त्यांनी वजन उतरवायला सांगितलं आणि झोपताना नाकावर लावायला एक मास्क आणि हवा सोडणारं छोटं यंत्र दिलं. हे बांधून झोपलो तर यार्डातले हसतील, असं दाजी कुरकुरले. यार्डातले हसलेच. पंक्चरवाल्याने तर मास्कच्या नळीला सोंड म्हणून नाव ठेवलं. तरी दाजींनी ती सोंड लावली ती लावलीच.

डॉक्टरीणबाईंनी हिरवा कंदील दाखवल्यावर दाजी परत गाडीवर आले. पहिल्या फेरीत ते मास्क लावून माझ्यावर आडवे झाले. यंत्राची बारीक घरघर तेवढी येत होती. आणि मग, मित्रांनो, त्यांचा भार आला. सगळा, एकदम, टाचांपासून मानेपर्यंत. मी त्यांना ओळखते त्याला किती काळ लोटला, पण ते इतके जड आहेत हे मला त्या दिवशी कळलं.

पुढे गाडी चालवणारा मेहुणा मात्र घाबरला. मागून आवाजच नाही! त्याने गाडी बाजूला घेतली, पडदा सारला आणि पांढऱ्याफटक चेहऱ्याने दाजींच्या छातीवर हात ठेवला. छाती संथ वर-खाली होत होती. हात ठेवला तरी दाजी हलले नाहीत. मेहुणा तसाच कितीतरी वेळ बघत राहिला.

अदलाबदलीचा थांबा आला, तरी त्याने त्यांना उठवलं नाही. तो स्वतः थकला होता, म्हणून गाडी लावून तो पुढच्या सीटांवर आडवा झाला. माल कुठे अडकला म्हणून मालकाचा फोन आला. दाजी झोपलेत, मेहुण्याने सांगितलं. मग उठव त्यांना, मालक म्हणाला.

"नाही मालक," मेहुणा म्हणाला. "ते आज पहिल्यांदाच झोपलेत."

मग झोपू दे, मालक म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

मित्रांनो, तुमच्याही घरात कोणीतरी घोरत असेल. त्यांना खुशाल हसा. पण घोरणं मध्येच थांबलं, तर बरं झालं म्हणून डोक्यावर पांघरूण ओढू नका. उठून त्यांच्या छातीकडे बघा आणि घरातल्या मोठ्यांना सांगा, डॉक्टरांकडे चला म्हणा. मला ते सांगता आलं नाही. तुम्हाला सांगता येईल.