मोटार कुणाची

“मोटार कुणाची?”

घाटाच्या वळणाखाली, लिंबाच्या बुंध्यात तोंड खुपसून पडलेल्या त्या काळ्या सांगाड्याभोवती विमा कंपनीचा साहेब फिरून आला होता. गोरोबा डोक्याला पट्टी आणि हात गळ्यात अडकवून त्याच्या मागं मागं हिंडत होता. कडब्यानं भरलेली बैलगाडी वळणावर अचानक पुढ्यात आली, बैलं वाचवायला चाक फिरवलं आणि मोटार खाली गेली, हे त्यानं सांगून झालं होतं. आता साहेबानं हा प्रश्न विचारला आणि तुळजापुरातल्या कुठल्याही माणसानं दिलं असतं ते उत्तर गोरोबानं दिलं.

“आईची.”

“तुझी नाही?”

“आपलं काय हाय साहेब? आपुन नुसतं हाकनारं.”

साहेब मुंबईचा. त्याला ऊन लागत होतं आणि सोलापूरला जाऊन रेल्वे गाठायची होती. त्यानं लिहून घेतलं, खाली गोरोबाची सही घेतली. गोरोबाला बरं वाटलं. माणूस कमी बोलणारा, पण नीट ऐकून घेणारा आहे, असं त्याला वाटलं. नीट ऐकलं, हे मात्र खरंच होतं.

तुळजापुरात पोर कुणाचं विचारा, आईचं. दुकान कुणाचं, आईचं. जत्रेत खिसा कापणारासुद्धा फौजदाराला सांगतो, आईनं दिलं. ही काही भक्ती नव्हे. जिभेला पडलेलं वळण आहे. कुणी ‘बरंय का’ विचारलं, की आतडी तुटत असली तरी आपण ‘बरंय’ म्हणतो, तसलं.

गोरोबाचं तेवढं वेगळं होतं. त्याची जन्माची आई कोंडाबाई प्लेगात गेली तेव्हा तो रांगत होता. त्यानंतर तो कुणाच्याच घरात वाढला नाही. धर्मशाळेच्या ओसरीवर निजला, यात्रेकरूंनी दिलं ते खाल्लं. ‘आई’ हा शब्द इतर पोरांच्या तोंडी घरातल्या बाईसाठी असायचा. याच्याकडं त्या शब्दाला जायला एकच जागा होती, उतारावरच्या त्या दगडी पायऱ्यांच्या खाली, देवीच्या गाभाऱ्यात. पुढं महादेवी बायको म्हणून आली, मूलबाळ न होता तापानं गेली. मोटार घेतली त्याच साली गेली. जाण्याआधी स्वतःचं इरकली लुगडं फाडून तिनं मागच्या बैठकीला खोळ शिवली होती. सोलापूरला भाडं सोडून रिकामा परतताना गोरोबा त्या मागच्या बैठकीशी बोलायचा. काय बोलायचा ते कुणाला ठाऊक नाही. बोलायचा, एवढं रस्त्यावरच्या चहावाल्यांनी पाहिलेलं.

कंपनीचा कागद इंग्रजीत आला. तो घेऊन सोलापूरचा एजंट शरणबसप्पा एसटीनं तुळजापुरात आला आणि गोरोबाच्या उंबऱ्यावर बसला. विमा त्यानंच उतरवला होता.

“रद्द केलेत,” तो म्हणाला. “पैल्यापास्नंच रद्द म्हन्तेत.”

“का म्हून?”

“मोटार तुमची नव्हंच, असं तुमीच सांगितलाव की.”

“म्या कवा सांगितलं?”

“साहेब विचारला, मोटार कुणाची. तुमी म्हन्लाव, आईची. आता कंपनी म्हन्ती, मोटार जिची तिनं विमा काढायला पायजे हुता. हाय का आई? असली तर आना म्हन्तेत.”

गोरोबा हसला. शरणबसप्पा हसला नाही. तेव्हा गोरोबाचंही हसू गालातल्या गालात वाळून गेलं.

“नोंदनीचं पुस्तक दावा की त्येन्ला.”

“त्यात अजून, ज्याच्याकडनं घेतलाव, त्या बार्शीच्या शेटजीचंच नाव हाय. तुमचं नाव चढवायचा अर्ज हैद्राबादेत, आन् आपन आता मुंबई राज्यात. तो अर्ज कुटल्या कपाटात हाय, देवाला ठाऊक. आन् मोटार तर दुरुस्त हुनार न्हाय असं साहेबच लिहून गेलाय. सरळ भरपाई मिळत हुती, गोरोबा. तोंडाजवळचा घास गेला बगा.”

निजामाच्या अमलात गरिबाला उर्दूत नाडत. मग पोलीस ॲक्शन झाली, झेंडा बदलला, राज्यं जोडली, तोडली, आणि गरिबाला इंग्रजीत नाडू लागले. नाडणाऱ्यांची पगडी तेवढी उतरली. गोरोबानं दोन्ही अंमल पाहिले होते आणि दोन्हीकडं अंगठ्याऐवजी सही करता येते याचा त्याला अभिमान होता. त्या सहीनंच त्याचा गळा कापला.

भरपाई नाही म्हणजे दुसरी मोटार नाही. दुसरी मोटार नाही म्हणजे अड्ड्यावर लोकांच्या मोटारी पुसायच्या, आणि ज्यांना ‘सरक’ म्हणत आलो त्यांच्याकडून ‘सरक’ ऐकायचं. पन्नाशी उलटलेल्या माणसाला एसटी काही नोकरी देणार नव्हती.

“एक करा,” शरणबसप्पा उठताना म्हणाला. “गावातल्या मोठ्या मानसाकडनं दोन ओळी आना. की बाबा, हितं आई म्हंजे देवी, असं बोलायची रीत हाय, मोटार या मानसाची हाय. म्या तुमाला म्यानेजरपुढं उभा करतो.”

गोरोबाला मोठा माणूस एकच ठाऊक होता. दत्तोपंत उपाध्ये. त्यांच्याकडं देवीच्या पूजेला येणारे यजमान सोलापूर स्टेशनवर उतरले की गोरोबाच त्यांना घेऊन यायचा. दत्तोपंतांनी स्वतः मोटारीत बसून कधी भाडं दिलं नाही. ‘आईच्या मोटारीत आईच्या माणसाला भाडं कसलं रे?’ असं म्हणत ते उतरायचे आणि गोरोबाला ते पटायचं.

दत्तोपंत ओट्यावर पान लावत बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“गोरोबा, वाचलास कुणामुळं?”

“आईमुळं.”

“मग? तिची नाही, याची आहे, असं मी लिहून देऊ? हात झडेल माझा.”

“काका, दोन वळी फकस्त. बोलायची रीत हाय एवढंच लिवायचंय.”

“रीत?” दत्तोपंतांनी पान दाढेखाली सारलं. “तुला रीत वाटते. अरे, कालच पुण्याच्या यजमानांना मी त्या मोटारीपाशी थांबवलं. नारळ फोडला त्यांनी. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढा चुराडा आणि माणूस जिवंत. आता मीच लिहून देऊ की ते नुसतं बोलणं होतं?”

आतून त्यांची बायको लीलाबाई म्हणाली, “द्या की हो लिहून. बिचारा फुकट ने-आण करत आलाय इतकी वर्षं.”

“तू आत बघ,” दत्तोपंत म्हणाले. मग गोरोबाकडं वळून, अगदी मायेनं, “आई देईल रे. तिला काळजी आहे.”

तिला होती की नव्हती कोण जाणे. दत्तोपंतांना नव्हती.

गोरोबा एकटाच सोलापूरला गेला. म्यानेजर भला गृहस्थ होता. खुर्ची दिली, चहा मागवला. चहा मागवून गळा दाबणारी ही नवी जात. शरणबसप्पा दाराशी उभा होता.

“तुमच्या आई हयात आहेत?”

“न्हाय साहेब. म्या रांगत हुतो तवाच गेली.”

“मग मोटार त्यांची कशी?”

“ती आई न्हवं. तुळजापूरची आई.”

“म्हणजे देवस्थानची मोटार?”

“न्हाय, न्हाय. देवस्थानचा काय संबंध?”

म्यानेजरनं टाक खाली ठेवला. “हे पाहा, मला मदतच करायची आहे. सरळ सांगा. मोटार कुणाची?”

एवढा एक शब्द. अडत्यानं, हमालानं, शाळकरी पोरानं फटकन म्हटला असता. गोरोबानं तो जन्मात कशाबद्दलच म्हटला नव्हता. घाटात मोटार कलंडली तेव्हा तोंडातून ‘आई’ निघालं होतं, ते त्याला आठवलं. ती हाक नेमकी कुणाला गेली होती, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. त्यानं दाराकडं पाहिलं. शरणबसप्पानं मान हलवली, म्हणा, म्हणा.

“माजी,” गोरोबा म्हणाला. मग कुणी विचारलं नसताना म्हणाला, “माज्या एकट्याची. दुसरं हायच कोन मला?”

“मग आमच्या साहेबांना तुम्ही खोटं सांगितलंत?”

“न्हाय.”

“मग आता सांगताय ते खोटं?”

“न्हाय साहेब.”

“दोन्ही खरं कसं असेल?”

या प्रश्नाला तुळजापुरातल्या कुणीही उत्तर दिलं असतं. पण साक्षीला तुळजापुरातलं दुसरं कुणी आलं नव्हतं.

रद्द ते रद्दच राहिलं. चहा मात्र गोरोबानं संपवला. टाकून देणं त्याला कधी जमलं नाही.

परतीच्या एसटीत यात्रेच्या बाया होत्या. तामलवाडी मागं पडली, घाट लागला, तशा त्या उदो उदो करू लागल्या. गोरोबाचे ओठ सवयीनं हलले, आवाज काही फुटला नाही. वळणावर त्यानं कंडक्टरला सांगून एसटी थांबवली आणि तो उतरला.

मोटार त्याला काही नको होती. लोखंडाचं काय करायचं? मागची खोळ तेवढी काढून घ्यावी, एवढंच मनात होतं.

उतारावरून खाली आला तो थबकला. लिंबाला हिरवा खण गुंडाळलेला. मोटारीचं दार हळदीकुंकवानं माखलेलं, खाली नारळाच्या करवंट्या. गोरोबा दुसऱ्या अंगानं गेला, फुटलेल्या काचेतून हात घालून त्यानं दार उघडलं आणि आत शिरला. खोळ धुळीनं भरली होती, पण शाबूत होती. महादेवीचे टाके बारीक. तो नखानं एकेक उसवू लागला.

“ए बाबा, काय करतुस?”

बाहेर शेरडं राखणारी हरणाबाई काठी टेकून उभी होती. म्हातारीला नीट दिसत नसावं. एरवी तिनं त्याला ओळखलं असतं. आजारी नातवाला घेऊन ती एकदा याच बैठकीवर बसून दवाखान्यात गेली होती.

“हात लावू नगंस बाबा. आईची मोटार हाय ती.”

गोरोबाचं नख टाक्यातच थांबलं.

“का तुजी हाय?”

शेरडं थांबली होती. वर रस्त्यानं दुसरी एसटी गेली, तिच्यातूनही तोच गजर ऐकू आला आणि वळणाआड विरला.

“न्हाय, मावशे,” गोरोबा म्हणाला.

“मंग उतर खाली. पायातलं घालून बसलाय आन् वर.”

उसवलेलं टोक त्यानं बैठकीखाली नीट दाबलं. तळहातानं धूळ झटकली, उतरला, दार हळूच लावलं. मग वाकून पायातलं काढलं, हातात घेतलं आणि तापलेल्या दगडांवरून घाट चढू लागला.