वहिनीची शेड

माझा दादा एका कारखान्यात स्टोअरकीपर होता. निवृत्त होऊन घरी आला, पण त्याच्यातला स्टोअरकीपर काही निवृत्त झाला नाही. शेवटचा नग कुणाला द्यायचा नाही, हा त्याचा नोकरीतला नियम. तो त्याने घरातही लागू केला. साबणाची शेवटची वडी, शेवटची काडेपेटी, शेवटचा बल्ब, सगळं कपाटात कुलूपबंद. एकदा मी डोकेदुखीची गोळी मागितली तर म्हणाला, "एकच उरली आहे गं." मग काय, डोकं धरून मी आपली जिना चढून वर. मी त्यांच्याच घराच्या वरच्या खोलीत राहते, त्यामुळे हे सगळं मला फुकटात बघायला मिळतं.

वहिनी वेताच्या खुर्च्या विणायची. बाजारातला एक फर्निचरवाला फाटक्या बैठकीच्या खुर्च्या पाठवायचा, ही जुनी वीण काढून नवी घालून द्यायची. स्वयंपाकघरामागच्या बोळकांडीत, जमिनीवर फतकल मारून, मान खाली घालून. वेत भिजवल्याशिवाय वळत नाही, म्हणून न्हाणीघरातला टब कायम त्यानेच अडवलेला. सकाळी आधी वेताची आंघोळ, मग आमची. उठताना वहिनी एक हात भिंतीला आणि एक कमरेला लावायची. तक्रार मात्र नाही. मला तिच्या या गरीबपणाचा कधीकधी रागच यायचा.

एक दिवस फर्निचरवाला स्वतः आला. म्हणाला, "बाई, एका मोठ्या वाचनालयाच्या सगळ्या खुर्च्या माझ्याकडे येणार आहेत. नीट जागा असेल तर तुमच्याकडेच पाठवतो. नाहीतर माझ्या गोदामात येऊन बसा." गोदाम शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. वहिनीला ते नको होतं. रात्री जेवताना तिने दादाला विचारलं, "परसात एक शेड बांधू या का? उजेडाला एक खिडकी, पाण्याला नळ, आणि मला स्टुलावर बसून काम करता येईल एवढी जागा. बाकी काही नको. घरातच राहून माझं काहीतरी होईल."

या घरात आल्यापासून तिने स्वतःसाठी काही मागितलेलं मी तरी ऐकलं नव्हतं. दादाचा चेहरा खुलला. "बांधू की! आणि नवा खिळासुद्धा विकत न आणता बांधतो, बघच."

पेन्शन बेताची, तेव्हा स्वस्तात बांधणं भाग होतं, ते मला मान्य आहे. आणि सुरुवात त्याने झकास केली, तेही मान्य. पत्रे मिळाले कुणाच्या तरी मोडलेल्या कोंबड्यांच्या खुराड्याचे. ते घासून घासून माझी नखं गेली. खिडकी आली पाडलेल्या शाळेची, चांगली ऐसपैस. दार एका बंद पडलेल्या दवाखान्याचं. त्यावर 'रांगेने आत या' असं रंगवलेलं. विटा जुन्याच. त्यांना चिकटलेला चुना आम्ही नणंद-भावजय अंगणात बसून ठोकून काढत होतो आणि हसत होतो. वहिनी इतकी बोलताना मी आधी पाहिली नव्हती. "वन्सं, टब इथे ठेवीन. विणलेल्या खुर्च्या तिथे. तुम्ही दुपारी वरून खाली यायचं, चहा इथेच करू."

दादाचा गवंडी मित्र चहाच्या बोलीवर यायचा आणि चहाच्या मानानेच काम करायचा. तरी भिंती उभ्या राहिल्या, पत्रे चढले, नळ आला. आता फक्त वहिनीने आत बसायचं बाकी होतं.

पण उरलेलं सामान कुठे ठेवायचं? अर्धे पत्रे, जादाचे अँगल, बिजागऱ्या, वाकडे खिळे. दादा म्हणाला, "तात्पुरतं आतच ठेवतो." ते जमिनीवर पसरलेलं त्याला बघवेना, म्हणून त्याने रॅक केले. आधी एका भिंतीला. मग एका ओळखीच्याने दुकान मोडताना तयार रॅक फुकट दिला, तो नेमका खिडकीच्या मापाचा निघाला. लावला खिडकीपुढे! मी म्हटलं, "दादा, उजेड?" तर म्हणतो, "बल्ब आहे ना." मग त्या रॅकच्या रिकाम्या फळ्या त्याच्या डोळ्यांत खुपायला लागल्या. रिकामी फळी दिसली की कारखान्यात साहेब ओरडायचे म्हणे. इथे साहेब कुठून आले, देव जाणे. सायकल काढून दादा रोज कुठून कुठून काय काय आणायचा. स्वस्तात मिळालं, पुढे लागेल. प्रत्येक डब्याला चिठ्ठी, प्रत्येक चिठ्ठीवर सुबक अक्षर. काम नेटकं होतं, त्यात खोट काढायला जागा नव्हती. मागितली होती कामाची जागा, आणि या गड्याने बांधलं भांडार.

वहिनी दारात उभी राहून विचारायची, "आवरताय ना?"

"या आठवड्यात आवरतो."

तो आवरायचाही. म्हणजे डबे या फळीवरून त्या फळीवर न्यायचा. वहिनी पुन्हा बोळकांडीत जाऊन बसायची. मी तिला म्हटलं, "भांड ना जरा." ती म्हणाली, "किती जीव लावून लावलंय हो त्यांनी. मोडवत नाही."

फर्निचरवाल्याने वाट पाहिली. निरोप पाठवले. शेवटी त्याने वाचनालयाच्या खुर्च्या गोदामात उतरवल्या, आणि एका सकाळी वहिनी डबा घेऊन बसने तिकडे गेली. दादा म्हणाला, "थोड्या दिवसांचा प्रश्न आहे." थोड्या दिवसांचे महिने झाले, वाचनालयाच्या खुर्च्या संपल्या, दुसऱ्या आल्या. संध्याकाळी ती यायची ती थकून, पण तिची मान वर असायची. घरात मात्र दिवसभर शुकशुकाट. टब मोकळा झाला. दादा न्हाणीघरात जाऊन त्याच्याकडे बघत उभा राहायचा, हे मी स्वतः पाहिलंय.

मग एका दुपारी परसात खडखडाट झाला. खाली येऊन बघते तर भंगारवाल्याची हातगाडी. दादा डबेच्या डबे उपडे करत होता. चिठ्ठ्या पायाखाली. भंगारवाला देईल ते घेत होता, घासाघीस नाही. मला भीतीच वाटली. एक पितळी नळाचं चाक उरलं होतं, ते भंगारवाल्याने परत केलं, "हे ठेवा, कामाला येईल." दादाने तेही गाडीत टाकलं. मग रॅक उखडले, फरशी धुतली, टब नेऊन नळाखाली ठेवला, स्टूल खिडकीपाशी मांडलं. बैल गेला आणि झोपा केला, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण वहिनीला बैल म्हणणं जिवावर आलं, आणि दादाचे हात सोलवटलेले दिसत होते. गिळलं.

संध्याकाळी वहिनी आली तशी त्याने तिला चप्पलही काढू दिली नाही. "चल, बघ."

ती आत गेली. खिडकीतून उतरतं ऊन येत होतं. तिने नळ सोडून पाहिला, बंद केला. स्टुलावर बसली, हात मांडीवर ठेवून. तिचे डोळे भरले आणि मला वाटलं, जमलं.

"अगदी असंच मनात होतं माझ्या," ती म्हणाली.

"मग उद्यापासून बस. मी सांगतो त्याला, माल इकडे पाठव म्हणून."

"तिकडे दोघीजणी शिकतात माझ्या हाताखाली. सकाळी माझी वाट बघत असतात." ती थांबली. "त्या वेळी झालं असतं तर मी कुठे जाणार होते हो? पाय ठेवला नसता घराबाहेर."

वहिनी उठली, पदराने स्टूल पुसलं आणि त्याच्याकडे सरकवलं. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"तुम्हाला बसायला छान जागा झाली," ती म्हणाली.

दादा बसला. म्हणाला, "बसून करू काय?"

वहिनीला सकाळी लवकर निघायचं होतं. ती डबा घासायला आत गेली.