येरिकाचं अंडं

"अजून एक हात मार," लोव्रो म्हणाला. "लाल डोकावतंय."

"डोकावू दे की जरा," बोगोमिर कुरकुरला. पण ब्रश राखाडी रंगाच्या डब्यात बुडवून त्याने तो बुंध्यावर पुन्हा फिरवला. लाल कडं आणि त्याच्या आतला पांढरा ठिपका, दोन्ही गेलं. "हं, झालं समाधान? तू काढायचं आणि मी पुसायचं. शाळेतसुद्धा हेच चालायचं आपलं."

"शाळेत तू माझं बघून लिहायचास."

"म्हणून तर नापास झालो."

दोघं दहा पावलं चालले आणि वळून उभे राहिले. हा नियम लोव्रोचा. झालोका गावच्या गिर्यारोहण मंडळात जो कोणी वाटेवर खुणा रंगवायला शिकला, तो हे लोव्रोकडून शिकला: खूण काढली की दहा पावलं जायचं, वळायचं, बघायचं. मग पलीकडच्या बाजूला जाऊन तेच. चढणाऱ्याला दिसली पाहिजे आणि उतरणाऱ्यालाही. अडतीस वर्षं तो असा चालत आणि वळत आला होता. आज काम उलटं होतं. दहा पावलांवरून काहीही दिसता कामा नये.

"दिसतंय?" बोगोमिरने विचारलं.

"नाही. चल पुढे."

लोव्रो कोबाल एकाहत्तर वर्षांचा होता. नोकरीभर त्याने लाकडाच्या गिरणीत करवतींना धार लावली आणि शनिवार-रविवार डोंगराला दिले. या कामाचे कुणी पैसे देत नाही. छातीवर लावायला एक बिल्ला मिळतो आणि दिवस संपल्यावर मंडळाकडून एक गरम सॉसेज आणि मोहरीची चटणी. तेवढ्यासाठी माणसं पहाटे उठून रंगाचे डबे पाठीवर घेऊन डोंगर चढतात. बाहेरच्याला हे सांगून पटत नाही आणि झालोकातल्याला सांगावं लागत नाही.

स्मरेचनिक डोंगराच्या उत्तर अंगाची ही वाट आता बंद होणार होती. कारण होता रानकोंबडा. टर्कीएवढा, काळाभोर आणि स्वभावाने भलताच भित्रा पक्षी. वसंतात उजाडायच्या वेळी तो ठरलेल्या जागी येऊन माद्यांसाठी गातो, आणि कुणाचा बूट वाजला की गाणं सोडून पळतो. राष्ट्रीय उद्यानाची अधिकारी नेझा नकाशा घेऊन मंडळाच्या सभेत आली होती. पूर्वी इथे चौदा नर गायचे, आता तीन उरलेत, म्हणाली. वाट दक्षिणेकडून वळवू या का? सगळे लोव्रोकडे बघायला लागले, कारण वाट त्याचीच. लोव्रोने सगळ्यांच्या आधी हात वर केला. चौदा नर गायचे तेव्हाचा तो साक्षीदार होता.

त्याच सभेत त्याने नव्या सभासदांना बजावलं होतं, "पुसायची तर सगळी पुसायची. एकही खूण ठेवायची नाही. एकटी उरलेली खूण माणसाशी खोटं बोलते."

दुपारी दोघं वरच्या फाट्याला पोचले. बोगोमिरचा गुडघा सुजला होता. तो दगडावर बसला आणि ब्रेड आणि सॉसेज काढून कापायला लागला.

"वर आता किती राहिल्या?" त्याने विचारलं.

"नऊ."

"जाऊन ये तू. माझा गुडघा संपावर गेलाय."

लोव्रो एकटा वर गेला. आठ खुणा त्याने चोख पुसल्या. नववीपाशी थांबला.

ती येरिकाची होती. देश जुन्या संघराज्यातून फुटून वेगळा झाला त्या उन्हाळ्यात त्याची बायको येरिका जेवणाचा डबा घेऊन इथवर आली होती. खाली खोऱ्यात रणगाडे फिरत होते, रेडिओवर काय काय सांगत होते, आणि नवरा मात्र ठरल्या शनिवारी रंग घेऊन डोंगरावर. डबा ठेवून ती म्हणाली, "दे बघू तो ब्रश. जग बुडायला आलंय आणि हे गृहस्थ ठिपके काढतायत. एक मलापण काढू दे." तिने पांढरा ठिपका काढला तो बशीएवढा. बाहेरचं लाल कडं एका अंगाला जाड, दुसऱ्या अंगाला बारीक आणि खाली ओघळलेलं. मग स्वतःच लांबून पाहून ती इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. "अगं बाई, हे तर तव्यावरचं अंडं झालं!"

तेव्हापासून मंडळात त्या जागेला येरिकाचं अंडं असंच म्हणत. "अंड्यापाशी पाणी पिऊ", "अंड्याच्या पुढे चिखल आहे." दर चार-पाच वर्षांनी खुणा नव्याने रंगवायच्या असतात. बाकी सगळ्या लोव्रो साच्यातून काढल्यासारख्या गोल काढी. ही एक मात्र तो तिच्याच वाकड्या कडेवरून, ओघळासकट, जशीच्या तशी गिरवायचा. येरिका जाऊन सहा वर्षं झाली होती. तिच्या मागे दोनदा गिरवून झाली.

त्याने डबा उघडला. ब्रश बुडवला. हात वर नेला. मग ब्रश डब्याच्या कडेवर निथळला, झाकण लावलं आणि तो खाली आला.

"झालं?" बोगोमिरने तोंडातला घास सावरत विचारलं.

"झालं."

खाली मंडळाच्या खोलीत त्याने फॉर्मवर सही केली. 'सर्व खुणा पुसल्या' असं तिथे आधीच छापलेलं होतं. त्याने फक्त नाव लिहायचं होतं.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी स्मरेचनिकवर धुकं उतरलं. दुपारी तीनच्या सुमारास डोंगरावरच्या बचाव पथकाला फोन आला. मैदानाकडचं एक जोडपं, साठीतलं, जुना नकाशा घेऊन वरच्या धारेवरून उतरायला निघालेलं, उत्तर अंगाला हरवलं होतं. बाईचा पाय चुनखडीच्या भेगेत अडकून घोटा मोडला होता. पथकाला ती दोघं सापडायला चार तास लागले. बाई थंडीने निळी पडली होती, पण वाचली.

सोमवारी सकाळी बोगोमिर लोव्रोच्या स्वयंपाकघरात येऊन बसला. कॉफी पुढे आली तरी तो कपाला हात लावेना. हे काही त्याचं लक्षण नव्हतं.

"कुठे सापडली ती?" लोव्रोने विचारलं.

"अंड्याच्या खाली, दीडशे पावलांवर. पथकातल्या पोरांनी अंडं बघितलं, जसंच्या तसं."

लोव्रोने हातातला कप खाली ठेवला.

"ते पुसलं नव्हतंस तू," बोगोमिर म्हणाला.

"नाही."

"अरे, पण का? त्यातला रंगसुद्धा तिचा नाही राहिला रे. सहा-सात वेळा तूच गिरवलायस. तिचं काय उरलंय त्यात?"

"तिची वाकडी कड," लोव्रो म्हणाला.

बोगोमिरने साखर ढवळली. मग खुर्ची पुढे ओढली. "हे बघ, नीट ऐक. गुरुवारी सभा आहे. नेझा येणार. तुझं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलंय की नाही? डॉक्टरचा कागद आहे तुझ्याकडे. सांगायचं, राहून गेली, नजरेतून सुटली. कोण काय म्हणणार? सगळे वर हळहळतील."

"उजव्या डोळ्याला आहे मोतीबिंदू. डावा धडधाकट आहे."

"ते तुला आणि मला माहीत. सभेत कुणी तुझी पापणी उलटून बघणार आहे का? गप्प बस आणि म्हातारा हो जरा. एवढंच सांगतोय."

खरं तर लोव्रोला तो रस्ता आवडला होता. तीन दिवस तो मनात तेच वाक्य घोळवत राहिला: नजरेतून सुटली. म्हणायला किती सोपं होतं! बिल्ला राहिला असता, वाटा राहिल्या असत्या, वसंतात दक्षिणेची नवी वाट रंगवायची होती तीही त्याच्याच हातून झाली असती. आणि दुसरं काय होतं त्याच्यापाशी? शनिवारी सकाळी कुठे जायचं, हे ज्याला ठाऊक असतं त्याला घरातली रिकामी खुर्ची तितकीशी टोचत नाही.

गुरुवारी खोली भरली होती. लोकांनी त्याच्यासाठी शेगडीजवळची खुर्ची ठेवली. कुणी पाठीवर हात ठेवला, कुणी विचारलं, "ऑपरेशन कधी आहे हो?" म्हणजे बोगोमिरने गावभर पेरणी करून ठेवली होती. सगळे गोड बोलत होते आणि लोव्रोला ते गोड बोलणं गिळवत नव्हतं.

नेझाने फाइल उघडली. ती तिशीतली होती. पहिलं काम ती लोव्रोच्याच हाताखाली शिकली होती. "कुणाला दोष द्यायचा म्हणून नाही आले मी," ती म्हणाली. "दोनशेवर खुणा होत्या, एक राहिली. लोव्रोकाका, तुमची तब्येतही... म्हणजे आम्हीच बरोबर कुणीतरी द्यायला हवं होतं. त्या बाईंनी दवाखान्यातून पत्र पाठवलंय, आभाराचं. वाचू?"

"वाच ना," बोगोमिर घाईने म्हणाला. आभाराचं पत्र म्हटल्यावर त्याला बरं वाटलं.

नेझा वाचायला लागली. पथकाचे आभार, चहाचे आभार. मग: "धुक्यात आम्ही फार घाबरलो होतो. तेवढ्यात एका झाडावर खूण दिसली. जरा वेडीवाकडी होती, तव्यावरच्या अंड्यासारखी. आम्ही दोघं हसलो. जीव भांड्यात पडला. खूण आहे म्हणजे पुढची जवळच असणार, असं आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं. म्हणून आम्ही तिच्या रोखाने खाली निघालो."

लोव्रो उभा राहिला. उठताना खुर्ची फरशीवर घासली.

"माझ्या डोळ्यांना काही झालेलं नाही," तो म्हणाला. "म्हणजे झालंय, पण एवढं नाही. ती खूण मला दिसली. ब्रश हातात होता, रंग होता. मी ती सोडली. माझ्या बायकोची होती म्हणून सोडली. आणि खाली येऊन सगळ्या पुसल्या म्हणून सही केली."

"लोव्रो, बस खाली," बोगोमिर पुटपुटला.

"बसतो. एवढं सांगू दे. तुम्हाला सगळ्यांना मीच शिकवलंय, एकही ठेवायची नाही म्हणून. त्या बाईला काही झालं असतं तर..." त्याने छातीवरचा बिल्ला काढला. पिन जुनी होती, निघता निघेना. शेवटी निघाली. बिल्ला नेझाच्या फाइलवर ठेवून तो खाली बसला.

नेझाचे डोळे भरले होते, पण तिने बिल्ला परत सरकवला नाही. तो तिने फाइलच्या खणात ठेवला. लोव्रोला ते बरं वाटलं. तिने परत दिला असता तर त्याला लाज वाटली असती.

"उद्या आमचा माणूस जाऊन पुसेल ती," ती हलक्या आवाजात म्हणाली.

"नको. मी जातो."

"काका, आता तुम्हाला एकट्याला पाठवता नाही यायचं."

"एकटा कुठला?" बोगोमिर म्हणाला. "मी आहे ना. आणि माझा गुडघा आहे."

शुक्रवारी हवा स्वच्छ होती. बीचच्या झाडांची पानं तांबूस होऊन गळत होती आणि जंगल आतपर्यंत उघडं पडलं होतं. बोगोमिर शिव्या देत, काठी टेकत, फाट्याच्याही वर आला. अंड्यापासून थोडं खाली एका तोडलेल्या झाडाच्या बुंध्यावर तो टेकला. "इथून पुढे तू जा," म्हणाला. "ते बघायला मला नको."

लोव्रो झाडापाशी गेला. पाठीवरची पिशवी उतरवली. आधी तारेच्या ब्रशाने साल घासली. थरावर थर निघत गेले, लाल, पांढरा, लाल. मग त्याने राखाडी रंग लावला. पहिला हात, दुसरा हात. ओघळ खाली कुठवर गेला होता ते त्याला न बघताही ठाऊक होतं. तिथे त्याने तिसरा हात मारला.

रंग वाळेपर्यंत तो त्याच झाडाखाली बसला आणि ब्रेड-चीज खाल्लं. येरिका डबा आणायची तेव्हा त्यात लोणच्याची काकडी असायची. आज काकडी आणायला तो विसरला होता.

मग उठला. ब्रश पुसला, डबा बंद केला, पिशवी पाठीला लावली. खाली दहा पावलं चालला आणि वळला.

समोर बीचचे चाळीसेक बुंधे होते, सगळे राखाडी, सगळे सरळ. तो डावीकडे सरकला, मग उजवीकडे. दगडाच्या पलीकडचं तिसरं, असं त्याच्या मनात होतं. पण तिसरं कुठून मोजायचं? तो आणखी दोन पावलं पुढे गेला, थांबला, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. झाड सापडेना.

"काय रे?" खालून बोगोमिरने हाक मारली. "दिसतंय का काही?"

लोव्रो त्या झाडांकडे बघत उभा होता.

"नाही," तो ओरडून म्हणाला. "काही दिसत नाही."