माईकसमोरचं पोट

आधीच सांगून टाकतो, मी फटकळ माणूस. आमची ही म्हणते, तुमच्या जिभेला हाड नाही. उभ्या जन्मात मी एकच गोष्ट गोड बोलून निभावली, आणि नेमकी तीच अंगाशी आली.

मी रेकॉर्डिस्ट आहे. अंध वाचकांसाठी पुस्तकं आवाजात उतरवणारी आमची संस्था, दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांची. आतल्या खोलीच्या भिंतींना जाड अस्तर लावलंय, तिथं वाचणारी बसते. मधे काच. काचेच्या अलीकडे कानांवर हेडफोन चढवून मी. वाचणारीला ऑफिसात सगळे 'सरकार' म्हणतात, कारण ती चूक म्हणून कबूल करत नाही. उच्चार चुकला तर म्हणेल, पुस्तकातच तसं छापलंय. पण आवाज काय सांगू! कायद्याचं पुस्तक वाचलं तरी ऐकणाऱ्याला वाटतं, आता पुढच्या कलमात काय होणार.

तर या सरकारला आतड्याचं जुनं दुखणं आहे. क्रोन्स म्हणतात त्याला. आतड्याला सूज येते, उतरते, पुन्हा येते. असं वर्षानुवर्षं होऊन तिचं आतडं एका जागी आतून अरुंद झालेलं. तिथं काही अडकलं की सगळा कारभार ठप्प. पोट फुगतं, कळा येतात, उलट्या होतात, आणि खाली म्हणून काही सरकत नाही. मग दवाखाना, हाताला सलाईन, नाकातून नळी, तोंडाला कुलूप. दोन वर्षांत चार वेळा झालं. म्हणून तिच्या डब्यात जे असेल ते सोललेलं, बिया काढलेलं, वर गाळलेलं. डबा उघडला की मी विचारायचो, "आज काय, भिंतीचा रंग का?"

"दादा, तुमचं तोंड गाळायची चाळणी मिळते का बघा आधी," ती म्हणायची.

आता माईकचं सांगतो. आमचा माईक भलताच तिखट कानाचा, आणि सरकारचं पोट महाबोलकं. ती नोकरीला लागली त्या पहिल्याच आठवड्यात, कादंबरीतला म्हातारा शेवटचे श्वास घेत असताना तिच्या पोटानं असा काही सूर लावला की मी खुर्चीतून उडालो. वाचायच्या नादात तिला काही पत्ता नाही. नवी मुलगी, लाजेल बिचारी, म्हणून मी बटण दाबून म्हटलं, "खुर्ची करकरली. पुन्हा घे."

झालं. तेव्हापासून पोट बोललं की खुर्ची करकरायची. अकरा वर्षांत संस्थेनं त्यापायी तीन खुर्च्या बदलल्या. सुतार दोनदा येऊन तेल घालून गेला, एकदा तर मला येडा समजून गेला. मी ब्र काढला नाही.

कापलेले ते तुकडे मात्र मी टाकले नाहीत. 'किरकोळ' नावाचं एक फोल्डर करून त्यात ठेवत गेलो. कामाचा कंटाळा आला की एखादा लावायचो आणि एकटाच हसायचो. मनात वाईट काही नव्हतं, तरी चांगलंही म्हणता येणार नाही.

अलीकडे तो सूर बदलला होता. आधी कसं, गुरगुर, खळखळ, घरगुती आवाज. गेल्या दोन वर्षांत मधेच बारीक, उंच टिणटिण यायला लागली, रिकाम्या पिंपात थेंब पडावेत तशी. आणि ती आली की दोन-तीन दिवसांत सरकार दवाखान्यात. पहिल्यांदा मला योगायोग वाटला. दुसऱ्यांदा नाही वाटला. तरी मी काय म्हणालो? "खुर्ची." अकरा वर्षं चालवलेलं नाटक मधेच कसं थांबवायचं, तेच मला कळेना.

त्या मंगळवारी आम्ही पुराव्याच्या कायद्याचं पुस्तक करत होतो. परीक्षेला बसणारी मुलं वाट बघत होती. एका पानात सहा वेळा टिणटिण झाली. काचेतून बघतो तर सरकारनं एका हातानं टेबलाची कड घट्ट धरलेली, कपाळावर घाम. मी सरळ आत गेलो.

"काय खाल्लंस?"

"काही नाही."

"सरकार..."

"एक फोड. संत्र्याची."

"एकच?"

"एका संत्र्याच्या असतात तेवढ्या. दादा, तुम्ही आपलं रेकॉर्डिंग करा, पान पूर्ण होऊ दे."

पान पूर्ण झालं नाही. कचऱ्याच्या डब्यात उलटी झाली, आणि मी तिला टॅक्सीत घालून दवाखान्यात नेलं. तिथं नवऱ्यासमोर संत्र्यांचा आकडा तीनवर गेला. नवरा शाळेत गणित शिकवतो, पण बिचाऱ्यानं बेरीज ऐकून नुसता डोक्याला हात लावला.

दोन दिवस नळी, सलाईन, एक्स-रे. पोट नुसतं ढोलासारखं. तिसऱ्या दिवशी सकाळी मी दाढी करत असताना नवऱ्याचा फोन आला. "दादा, झालं! वारा सरला! दोनदा!" पोरगी बोर्डात पहिली आल्यासारखा ओरडत होता. मीही साबण लावल्या तोंडानं "वा वा, अभिनंदन" म्हणालो. आमची ही दारातून विचारते, कुणाला काय झालं? मी खरं सांगितलं, तर तिनंही देवाला हात जोडले. या दुखण्यात माणसं कशाकशाचा आनंद मानायला शिकतात!

पण सर्जनबाईंनी आमचा आनंद दुपारपर्यंतच टिकू दिला. "या वेळी आपोआप सुटलं," त्या म्हणाल्या. "पुढच्या वेळी आतडं फाटू शकतं, आणि मग जिवाशी खेळ आहे. पंधरा दिवसांत अरुंद भाग काढून टाकू. कदाचित काही महिने आतड्याचं तोंड पोटावर काढून त्याला पिशवी लावावी लागेल, शौच तिच्यातच जमा होईल."

सरकार म्हणाली, नाही. कारण सांगेना. नवऱ्यानं समजावलं, तिच्या आईनं रडून पाहिलं. शेवटी नवरा मला म्हणाला, "दादा, तुमचं ऐकेल ती." मी जाऊन कॉटशेजारी बसलो. तेवढ्यात पलीकडच्या कॉटवरच्या आजींच्या पांघरुणाखालून फुर्र असा आवाज आला. आजी शांतपणे पेपर वाचत होत्या.

सरकार हळूच म्हणाली, "ऐकलंत? त्यांची पिशवी. कधी बोलेल, नेम नाही, आपल्या हातात काही नसतं. मी माईकसमोर कशी बसू, दादा? माझं पोट आतून कितीही दुखलं ना, तरी अकरा वर्षांत माईकवर एकदासुद्धा बोललं नाही. एकदासुद्धा! तेवढी एकच गोष्ट त्यानं माझी ऐकली. वाचन गेलं तर माझ्याकडे दुखण्याशिवाय उरतं काय?"

मी तिथून काहीबाही बोलून उठलो.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप आणि हेडफोन घेऊन गेलो. हेडफोन तिच्या कानांवर चढवले आणि 'किरकोळ' पहिल्यापासून लावलं.

"हे काय? मोटार सुरू होत नाहीये का?"

"तू आहेस."

"मी?"

"तुझं पोट. नोकरीचा पहिला आठवडा. म्हातारा मरत होता तेव्हा."

मी पुढचा तुकडा लावला, मग त्याच्या पुढचा. "अगं बाई! आणि हे?" "हे भूगोलाचं पुस्तक, ज्वालामुखीचं प्रकरण." ती हसायला लागली, दोन्ही हातांनी पोट धरून, "दादा, नको, दुखतंय" म्हणत हसली. मला वाटलं, सुटलो.

मग टिणटिण सुरू झाली. तिनं स्क्रीनवरची तारीख वाचली आणि तिचं हसू थांबलं.

"या तारखेनंतर दोन दिवसांनी मी इथं होते."

"हो."

"आणि हिच्यानंतरही."

"हो."

"तुम्हाला कळलं होतं?"

"कळलं होतं."

"आणि तुम्ही मला खुर्ची सांगितलीत. पहिल्या दिवशीच आले असते तर, दादा, नळीशिवाय भागलं असतं एखाद्या वेळी." तिनं हेडफोन काढले, वायर नीट गुंडाळली आणि माझ्या हातात ठेवले. "जा तुम्ही."

मी गेलो. घरी हिला सगळं सांगितलं. वाटलं होतं, ही माझी बाजू घेईल. ही म्हणाली, "तुम्ही तिची लाज राखत होतात की तुमचं अवघडलेपण?" फटकळपणा आमच्या घरात माझ्या एकट्याकडे नाही.

आठ दिवस सरकार माझ्याशी बोलली नाही. ती घरी गेल्यावर मी फोन केला तर नवरा उचलायचा आणि झोपलीये म्हणायचा. रिकाम्या स्टुडिओत बसून मी दुसऱ्यांची पुस्तकं साफ करत होतो आणि मला काही गोड लागत नव्हतं. माझ्या पोटी मूल नाही. त्या मुलीनं मला दादा म्हटलं होतं आणि मी तिच्या जिवाच्या धोक्याची खूण ऐकून कापून ठेवली होती. याचं मला रडू आलं, आणि मी रडलो.

नवव्या दिवशी नवऱ्याचा फोन. "दाखल केलंय. उद्या ऑपरेशनची वेळ दिलीये, पण सही केलेली नाही. तुम्हाला बोलावलंय."

मी पोचलो तेव्हा नर्स तिला एकदा बसवत होती, एकदा उभी करत होती, एकदा वाकायला लावत होती. पिशवी कुठं लावली तर कमरेच्या घडीत चिमटणार नाही, ते आदल्या दिवशीच बघून ठेवतात म्हणे. नर्सच्या हातात त्या जागेवर खूण करायला जाड शाईचं पेन होतं. सरकारनं तिला हातानं थांबवलं आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "दादा, माईक कुठल्या बाजूला असतो?"

"तुझ्या उजवीकडे."

नर्स म्हणाली, "पिशवीपण उजवीकडेच येणार."

"मग मी माईक डावीकडे घेतो," मी म्हणालो.

"तरीही ऐकू आलं तर?"

"तर सांगेन."

"काय सांगाल?"

"पोट बोललं, म्हणेन."

"तोंडावर?"

"तोंडावर. आणि बारीक आवाज आला तर रेकॉर्डिंग बंद करून तुला उचलून इथं आणेन, पान पूर्ण झालेलं असो नसो."

आता तिनं माझ्याकडे पाहिलं. मग नर्सकडे वळून सदरा वर केला आणि म्हणाली, "काढा फुली."