पॅटिसच्या रांगेतला ट्यूबा

मित्रांनो, मी एक जुना ट्यूबा आहे. म्हणजे बँडमधलं सगळ्यांत मोठं, सगळ्यांत जाडं पितळी वाद्य. जाडं म्हटलेलं मला चालतं. माझे पोचे कोणी मोजलेले मात्र खपत नाहीत.

इंग्लंडात, लँकेशायरमधल्या एका कापडगिरणीच्या बँडात मी नवाकोरा दाखल झालो. काय माझा रुबाब! मला वाजवायचा कथबर्ट ऑर्मेरॉड, लाल केसांचा किडकिडीत पोरगा. महापौर भाषणात जरा थांबले की तो माझ्यातून असा काही आवाज काढी, की पहिल्या रांगेतल्या बायका नाकाला रुमाल लावत. तिसऱ्या खेपेला बँडमास्तरांनी त्याला हाकललं. "आणि हा बिघडलेला भोंगाही घेऊन जा," म्हणाले.

मग आमचं नशीब फळफळलं. समुद्रात शिरलेल्या धक्क्यावरच्या नाटकघरात आम्ही नऊ उन्हाळे गाजवले. तो माझ्या तोंडातून मोजे काढी, खारवलेले मासे काढी, एकदा तर जिवंत बदक काढलं! लोक हसून हसून खुर्चीवरून घसरत. पण कथबर्टचा स्वभाव भारी तिरसट. मालकाने बदकाला मनाई केली, तर हा बदकासकट नोकरी सोडून घरी आला. दुसरीकडे भांडला, तिसरीकडे चालू खेळात झोपला. शेवटी कोणी बोलावेना. मी अकरा वर्षं जिन्याखालच्या कपाटात, झाडूच्या शेजारी. फार रडू यायचं हो, पण कोणी फुंकल्याशिवाय मला रडताही येत नाही.

एके दिवशी कामगारांच्या क्लबातून बोलावणं आलं, रविवारी दुपारचं.

"जा," त्याची बायको डोरीन म्हणाली. "पण अर्ध्यावरून हाकललं ना, तर सोमवारी हा भोंगा भंगारात. मला इस्त्रीचं टेबल ठेवायला जागा हवीय."

"अगं, ट्यूबा आहे तो!"

"मग कर त्याच्यावर इस्त्री."

क्लबात दहा मिनिटं झाली तरी कोणी हसेना. एवढ्यात व्यवस्थापक क्लेग यांनी माइक ओढून घेतला. "मंडळी, पॅटिस आले! मटणाचे, गरम गरम, वर रस्सा!"

झालं! त्या क्लबात पॅटिस आले की खुद्द राजाही गात असला तरी लोक उठणार. सगळे रांगेत. कथबर्टने रागाने छाती भरून श्वास घेतला. मी म्हटलं, आता भांडण, मग सोमवार, मग भंगार.

पण ती फुंक त्याने माझ्यात घातली. मला उचलून तो थेट रांगेपाशी गेला. एक जाड्या काकू बशी घेऊन डुलत निघाल्या. त्यांच्या पावलागणिक मी, भूम, भूम. मग क्लेग तुरुतुरु आले. भुमभुमभुमभुम!

"ए, थांबव ते! माझा रस्सा सांडतोय!"

"तुम्ही चालायचे थांबा, मी वाजवायचा थांबतो."

क्लेग थांबले. हळूच एक पाऊल टाकलं. भूम. सगळा क्लब पोट धरून हसला. क्लेग आणखी एक पॅटिस घ्यायला मुद्दाम परत गेले, आणि हसता हसता त्यांचा सगळा रस्सा माझ्या तोंडात सांडला. "पुढच्या रविवारी ये बाबा," डोळे पुसत ते म्हणाले. "पॅटिसच्याच वेळी."

सोमवारी डोरीनने मला अंगणात ओढलं तेव्हा माझी बोबडीच वळली. पण तिने बादलीभर पाणी ओतून रस्सा धुतला. "काल किती वर्षांनी कथबर्ट शीळ घालत घरी आला गं बाई," ती स्वतःशीच म्हणाली.

मित्रांनो, घरात एखादं जुनं वाद्य असेल तर त्याला नुसतं पुसून ठेवू नका. वाजवा. मी आता बैठकीत असतो, कपाटात इस्त्रीचं टेबल. डोरीन मला रोज पुसते. मग आजूबाजूला कोणी नाही असं बघून हळूच एक फुंक मारते, आणि अगदी महापौरांच्या सभेतला आवाज निघतो.