दिवाळीनंतरचे रिपोर्ट

रुचिकाने स्वतःच्या हातातून काढलेले रक्त यंत्रात ठेवले, तेव्हा पडद्यावर काय उमटायला हवे हे तिला पक्के ठाऊक होते. नवव्या वर्गात असताना शाळेतल्या तपासणीत ती सिकलसेलची वाहक ठरली होती. आजार नव्हता, पण तो पुढच्या पिढीला देऊ शकेल असे रक्त होते. लाखनीत हमरस्त्यालगत आपली लॅब टाकावी, हे तिच्या मनाने तेव्हाच घेतले होते.

पडद्यावर आलेख आला. खाली शब्द होता: सामान्य.

तिने पुन्हा रक्त घेतले. पुन्हा सामान्य.

"दादा, इकडे ये."

संजीव, तिचा थोरला भाऊ, काउंटर आणि संगणक सांभाळत असे. पडदा पाहून तो हसला. "बरी झाली म्हन ना! पेढे वाट."

"हे बरं होत नसते. दिवाळीपासून आपल्याकडे एकही वाहक निघाला नाई. या भागात, जिथं गल्लोगल्ली वाहक हाये? मले आधीच समजाले पाहिजे होतं. तू मशीनले काय केलं?"

"मशीनले हातही नाई लावला. दिवाळीत कॉम्प्युटरले नेट जोडलं फक्त. लोकायले रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर पाहिजे असते."

यंत्र जुने, नागपुरातून घेतलेले होते. सॉफ्टवेअरची खरी 'की', म्हणजे परवान्याचा क्रमांक, परवडण्याजोगी नव्हती. यंत्र बसवणाऱ्याने कुठून तरी मिळवलेली की घातली आणि या संगणकाला नेट लावू नका, असे बजावले. रुचिकानेही तेव्हा मान डोलावली होती. नेट लागताच सॉफ्टवेअरने आपली की पडताळून पाहिली असावी आणि ती खोटी ठरली असावी. तरी ते बंद पडले नव्हते. यंत्राकडे पाहणे तेवढे त्याने सोडून दिले होते. यंत्र विकताना गिऱ्हाइकांना दाखवण्यासाठी आत साठवलेले निरोगी आलेख थोडेथोडे बदलून ते एकेका माणसाच्या नावाखाली छापत राहिले होते.

"काही लिहून नव्हतं येत?"

संजीवचे हसू ओसरले. "खाली एक बारीक ओळ येत होती. नोंदणी नाई, दाखवाची प्रत, असं काहीतरी. मले वाटलं, चोरीच्या सॉफ्टवेअरले येतेच तशी. घरच्या कॉम्प्युटरवर किती वर्षं झाली येऊन राहिली, काही झालं काय? रिपोर्टवर बरी नाई दिसत म्हनून तिच्यावर आपला पत्ता टाकला."

रुचिकाने फ्रिज उघडला. मागच्या गल्लीतल्या शोभाताईंच्या मुलीच्या, डिंपलच्या रक्ताची नळी अजून तिथे होती. डिंपलला सांगून आलेला तुमसरचा मुलगा वाहक होता. त्याच्या घरच्यांनी ते पहिल्याच भेटीत प्रामाणिकपणे सांगितले होते. मुलगीही वाहक असली, तर होणाऱ्या प्रत्येक बाळाला तो आजार होण्याची शक्यता चारात एक. म्हणून मुलीचा रिपोर्ट पाहूनच बोलणी पुढे गेली होती. आज दुपारी साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, होता.

तिने जुनी, हाताने करायची चाचणी मांडली. परीक्षानळीत औषध, त्यात रक्ताचा थेंब, मागे काळ्या रेघांचे कार्ड. संजीवच्या नळीतून रेघा स्वच्छ दिसल्या. तिच्या स्वतःच्या नळीत दिसल्या नाहीत. डिंपलची नळी हळूहळू गढूळ होत गेली, आणि रेघा एकेक करून नाहीशा झाल्या.

"आज फक्त साक्षगंध हाये," संजीव दबक्या आवाजात म्हणाला. "लग्न कुठं हाये? पाहुने जाऊ दे, मंग सांगू. आत्ता बोलली तं लॅबले सील लागन. आपल्याले पोलीस नेतीन, रुचिका."

"हो," ती म्हणाली आणि चपला पायात सरकवल्या.

शोभाताईंच्या दारात मांडव होता. "ये वो बाई!" त्यांनी तिला हाताला धरून आत ओढले. "तुह्याच कागदानं जमलं हे सारं. तोंड गोड कर आधी."

"काकू, डिंपलले आतल्या खोलीत बोलवा. पाहुने यायच्या आधी."

खोलीत तिने सगळे सांगितले. खोट्या कीचेसुद्धा.

"आजच्या दिवशी मजाक नको करू वो," शोभाताई म्हणाल्या; पण बोलता बोलताच त्या पलंगावर बसल्या.

"म्हंजे मी बी वाहक हाओ?" डिंपलने विचारले.

"हो. नागपूरच्या लॅबमधून पक्कं करू. पण तोवर अंगठी नको."

बाहेर गाड्या थांबल्याचा आवाज आला. तुमसरवाले आले, असे कुणीतरी ओरडले. डिंपल उठली. "आई, तू बस. त्यायले मीच सांगते."

दारात तिची वहिनी साधना ओवाळणीचे ताट घेऊन उभी होती. तिला पाचवा महिना लागला होता. ती केव्हापासून ऐकत होती, कुणास ठाऊक.

"ताई, दिवस गेल्यावर माहाबी रिपोर्ट तुमच्याकडंच केला होता ना?" तिने विचारले. "दिवाळी झाल्यावर."

"तुमच्या घरवाल्याची तपासणी झाली हाये काय कधी?" रुचिकाने हळूच विचारले.

साधनाने ताट खाली ठेवले आणि अंगणात निघालेल्या डिंपलकडे, आपल्या नवऱ्याच्या सख्ख्या बहिणीकडे, ती पाहत राहिली.